पाइपात पाणी लागलं नाही

बॅलीकोरा,
३० मे

प्रिय डर्वला,

तुझं पत्र मिळालं. तिकडे कॅनडाच्या दलदलीत फोन लागत नाही, हे मला तरी सोयीचंच पडलंय. आम्ही ठीक. काळी गाय व्याली, कालवड झाली. दलदलीत रोवलेल्या तीन प्लास्टिकच्या पाइपांत पाणी किती खोल लागतं, त्याचे मेचे आकडे मागितलेस, ते शेवटी देतो.

बाबांची खाट खिडकीपाशी आणलीय. चार चमचे सूप घेतलं की झालं जेवण. रोज सकाळी एकच प्रश्न, "मलाकी, पीटच्या विटा वाळायला उभ्या केल्यास का रे?" आपल्या दलदलीत जळणासाठी पीटची काळी माती कापणं बंद होऊन चार वर्षं झाली, तुझ्याच कागदावर त्यांनी सही केली, त्यातलं काही त्यांना आठवत नाही. मी म्हणतो, "केल्या बाबा, पाच-पाच टेकवून." तर म्हणतात, "खोटारड्या, मग चुलीचा वास कुठाय?" तेलाच्या शेगडीला पीटचा वास कुठून येणार. परवा मला विचारलं, हे कुणाचं घर?

मग मी ते केलं. खरं तर त्याच्या आधीच केलं होतं. एप्रिलमध्ये, पाणी उतरावं म्हणून, आपल्या चरावरच्या बांधाच्या दोन फळ्या काढल्या. बाबांच्या चुलीपुरती आपल्या पट्ट्यातून विटांची एक ओळ कापायची, वाळवायची आणि फळ्या परत लावायच्या, एवढंच. एका चरानं काय होतंय, असं वाटलं. नंतर पाच आठवडे पावसाचा थेंब नाही. घाबरून फळ्या परत लावल्या, पण अडवायला पाणीच उरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या माळावर कुणीतरी काटेरी झुडपं पेटवली. ठिणगी आपल्याकडे आली. दलदल ओली असती तर तिथेच विझली असती. ती खाली कोरड्या पीटमध्ये उतरली. आज नववा दिवस, ज्वाळा कुठेच नाही, नुसता जमिनीतून धूर. बंबवाले दमले. त्यांचा मुख्य म्हणाला, "आता पाऊस काय करील तेच खरं."

पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साठतं, फावड्याच्या एका पात्यात तीनशे वर्षं, हवेतला कार्बन पाण्याखाली झोपवून ठेवलाय, त्याला उठवू नका. गावच्या सभेत तू हे बोललीस तेव्हा खुर्च्या मीच मांडल्या होत्या गं. काल पहार खुपसून पाहिली, कमरेइतकी खोल गेली तरी टोक गरम. मी तिथे बादली घेऊन उभा होतो. मला रडू आलं, आणि बादली तशीच हातात.

आज सकाळी वारा फिरला, धूर घरात आला. खिडकी लावायला धावलो तर बाबांनी मनगट धरलं. "राहू दे. आपल्याच विटा आहेत." डोळे मिटून म्हणाले, "आलो बाबा एकदाचा घरी." मग वाटीभर सूप प्याले. खिडकी मी उघडीच ठेवली.

एप्रिलचे आकडे मी गेल्या वर्षीचेच उतरवून पाठवले होते. मेचे खरे आहेत. पहिला पाइप, पाणी लागलं नाही. दुसरा, पाणी लागलं नाही. तिसरा वितळला.

ज्याच्यावर दलदल सोपवून गेलीस, तो तुझा भाऊ,
मलाकी