मनगटावरची पट्टी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, ही भीती आहेच. तरी लिहिते. हा पत्ता आईला कुणी दिला, असं तुझ्या मनात येईल. कुणी दिला नाही, मी चोरला. सगळं सांगते, फक्त शेवटपर्यंत वाच.

जाताना तू तुझा जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेलीस, पंखा घरघरतो म्हणून. विजेचं बिल भरायला म्हणून मी त्यावर बसायला शिकले. एकदा गुडघ्याचा पट्टा मागवायला ते खरेदीचं पान उघडलं, तर वर तुझं नाव! पासवर्ड नाही की काही नाही. घाबरून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, भूत नाही, कुकी आहे." म्हणे आपण एकदा आत गेलो की ती साइट ब्राउझरकडे एक चिठ्ठी देते. ब्राउझर ती कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला आपणहून दाखवतो. चिठ्ठीत फक्त एक नंबर आणि मुदतीची तारीख, बाकी सगळे कागद तिकडे त्यांच्याकडे. मला लगेच कळलं. आमच्या वॉर्डात दाखल करताना पेशंटच्या मनगटाला नंबराची पट्टी बांधतात, तसंच. पट्टी दाखवली की फाइल बाहेर येते, माणसानं तोंड उघडायचीही गरज नाही.

तेव्हाच ती पुसायला हवी होती. "काढून टाकू?" असं तो विचारतही होता. मी म्हटलं, असू दे, खायला थोडीच मागतेय. मग रोज सकाळी चहा झाला की मी तुझं पान उघडायची. तू काय काय पाहिलंस, ते तिथे ओळीनं दिसायचं. पडदे, छत्री, चपलांचं स्टँड. कुकर दिसला तेव्हा तर एकटीच खो खो हसले. पाणी उकळताना भांडं करपवणारी माझी लेक! दर रविवारी तुझे "ठीक आहे" एवढे दोन शब्द यायचे, त्यापेक्षा तो कुकर मला जास्त काही सांगून गेला.

चार महिन्यांपूर्वी त्या ओळीत लहान मुलांचा मऊ टूथब्रश आला. मग थर्मामीटर. बिनवासाचं मलम. पुढून बटणं असलेले सैल शर्ट. आणि दोन सुती टोप्या. दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. पण मी सव्वीस वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर होते गं. केमो सुरू व्हायच्या आधी नातेवाइकांच्या हातात जी यादी ठेवायची, ती माझ्याच अक्षरातली असायची. त्या दिवशी तुझ्या पानावर मी माझीच यादी वाचली.

विचारणार कोणत्या तोंडानं? विचारलं तर पाळत ठेवते हे कबूल करावं लागलं असतं. आणि बाबांच्या वेळी मी काय केलं? रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता आणि तुझी परीक्षा होऊ दे म्हणून मी तुला चार महिने "ठीक आहेत" सांगत राहिले. तू आलीस तेव्हा ते कुणालाच ओळखत नव्हते. "माझ्या वतीनं ठरवायचा हक्क तुला कुणी दिला?" तू दारातच विचारलंस. पेरलं ते उगवलं, तक्रार कुणाकडे करू? परक्यांच्या उशाशी रात्री काढल्या आणि पोटच्या पोरीसाठी माझ्या हातात फक्त माउस.

एकदा मात्र राहवलं नाही. तू निवडलेल्या टोप्यांच्या आतल्या शिवणीनं डोकं खाजतं, मला ठाऊक आहे. आतून मऊ अस्तराची एक निळी टोपी मी गुपचूप तुझ्या कार्टमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती मागवलेली! कुणी टाकली, हे तुला कळलं होतं का? त्या दिवशी मी घरभर गुणगुणत होते.

बावीस दिवसांपूर्वी पान उघडलं आणि त्यानं पासवर्ड मागितला. तुझा वाढदिवस घालून पाहिला, बाबांचाही. कॉम्प्युटरवाला आला. माझ्याच हातून काही पुसलं गेलं असेल, नाहीतर मुदत संपली असेल, अशी मला आशा होती. त्यानं पाहिलं, चिठ्ठी जागच्या जागी होती, तारीखही पुढच्या वर्षाची. तो म्हणाला, "मावशी, इकडचं सगळं जागेवर आहे, तिकडून तोडलंय. ताईंनी सगळीकडून लॉग आउट केलं असेल, नाहीतर खातंच बंद झालं असेल." खातं कोण बंद करतं, हे मी त्याला विचारलं नाही.

तेव्हापासून तीन रविवार गेले. तुझे दोन शब्दही आले नाहीत, फोन बंद लागतो. पत्ता आधीच उतरवून ठेवला होता, बॅग भरलेली आहे. पण तशीच येऊन थडकले तर याही वेळी तुझ्या वतीनं मीच ठरवलं असं होईल. आणि दार दुसऱ्याच कुणी उघडलं तर? ठमे, वॉर्डात ती पट्टी दोनच वेळा कापतात, पेशंट घरी निघाला की, नाहीतर पेशंट गेला की, आणि दोन्ही वेळा मी माझ्या हातानं कापलेली आहे. आई चोरून बघते हे ओळखून तू संतापानं बटण दाबलं असशील, तर देव करो आणि तसंच असो. माफ करू नकोस, बोलावू नकोस, हव्या तेवढ्या शिव्या दे. फक्त एका ओळीत कळव, की पट्टी तूच कापलीस.

तुझीच,
रविवारची वाट पाहणारी
आई