ॲवेन्सची पैज

अल ऐन, १२ नोव्हेंबर २०२४

ती. गिरिजावन्सं यांस,
शोभनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. मनात आलं की आधी पेन शोधावं लागतं. एक बरं आहे, पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

पैजेचं रोप मिळालं. इथल्या नर्सरीत थंडीपुरती परदेशी झाडं येतात, त्यांत तुमचं ॲवेन्स दिसलं. स्ट्रॉबेरीसारखी पानं, जमिनीला धरून बसलेली. मी लगेच ओळखलं आणि नर्सरीवाल्याला हिंदीत सांगितलं, की हे माझ्या नणंदेचं लाडकं झाड. तो म्हणाला की अम्मा, उन्हाळा आला की हे खलास. पूर्वेच्या भिंतीशी लावलंय. सकाळी ऊन, दुपारी सावली.

अट पुन्हा लिहिते, नाहीतर तुम्ही बदलाल. पाडव्यापर्यंत फुललं, तर मी इथे रुजले असं समजायचं आणि पाचगणीचं नाव काढायचं नाही. नाही फुललं, तर मी बाडबिस्तरा घेऊन तुमच्याकडे. तुमचे भाऊ गेल्यावर तन्मयने ज्या मायेने मला इथे आणलं, त्यापुढे उगीचच परत जाते असं कुठल्या तोंडाने म्हणू? झाडावर ढकललं की बरं.

तन्मयचा निम्मा दिवस अबुधाबीच्या रस्त्यावर जातो, सूनबाईंची हॉस्पिटलात ड्यूटी. सृष्टी शाळेतून आली की कानात गाण्यांचं यंत्र घालते. जेवलीस का विचारलं की येस आजी, फाइन आजी. सगळी चांगली आहेत हो. दिवस मात्र सरता सरत नाही.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शोभना


पाचगणी, २ डिसेंबर २०२४

चि. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या कानांची थट्टा पुरे. इतकी वर्षं मी बोलायची आणि तू ऐकायची नाहीस, आता मी ऐकत नाही. फिटंफाट झाली.

खरं तर मी तुला मुद्दाम चुकीचं सांगायला हवं, पण झाडाच्या बाबतीत लबाडी करवत नाही. मुळाशी पाणी तुंबू देऊ नकोस. तिथलं पाणी खारट असेल, तर मधूनमधून भरपूर गोडं पाणी घालून माती धुवून काढ. दांडे उंच येतात, तारेसारखे बारीक. फूल सुकलं की दांडा बुडाशी काप, म्हणजे नवा येतो. दर थंडीत नवं झाड विकत घेणारी माणसं वेगळी. हे झाड वर्षानुवर्षं टिकणारं आहे, फक्त जुनं झालं की मधोमध मरतं आणि कडेकडेने जगतं. मग उपटून त्याचे वाटे करायचे.

माझे यंदा वाटे केले. द्यायला शेजारी कुणी उरलं नाही, म्हणून टोपलीत पडून आहेत. वालाची उसळ केली तर ती तीन दिवस मलाच पुरते. तुझी खोली झाडून ठेवते. त्यावरून काही समजून घेऊ नकोस, मला झाडायची सवय आहे.

पत्राला उशीर करून म्हातारीचा जीव टांगणीला लावू नये.

तुझी,
गिरिजावन्सं


अल ऐन, ९ मार्च २०२५

ती. आत्यांना,
आभाचा सा. न. वि. वि.

मी तन्मयची बायको असूनही तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. मराठी लिहायची सवय शाळेबरोबर सुटली, चुका पोटात घाला.

आईंच्या ॲवेन्सला फेब्रुवारीपासून कळ्या येत आहेत. सकाळी ड्यूटीवरून येते तेव्हा मला गाडीतून दिसतं. आई भिंतीशी वाकून कळी खुडतात, मुठीत धरून आत आणतात आणि कचऱ्याच्या डब्यात खाली दडपतात. मला आधी वाटलं की कीड लागली असेल. मग एकदा जेवताना म्हणाल्या की या मातीत नाही हो ते फुलायचं. त्यानंतर तन्मयने मला तुमची पैज सांगितली.

मी त्याला कळ्यांचं सांगितलं. त्याला वाटत होतं की आईची विनवणी करावी. मीच नको म्हटलं. विनवलं तर त्या राहतील, आणि रोज उठून कळ्या खुडतील. आम्हाला त्या हव्या आहेत, आत्या. सृष्टी त्यांच्या हातच्या घावनांशिवाय डबा नेत नाही. पण त्यांचा पाय जड होऊ नये, म्हणून कुणीही अडवायचं नाही असं ठरवलंय. सृष्टीलाही समोर रडायचं नाही म्हणून बजावलंय.

तुम्ही त्यांना बोलावून घ्या. मी पाहिलं हे मात्र कधी सांगू नका, त्या लाजेने मरतील.

आमच्यावर राग नसावा, एवढंच मागते.

आपली,
आभा


पाचगणी, ३१ मार्च २०२५

चि. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडवा काल झाला. फूल आल्याची खबर नाही, म्हणजे तू हरलीस. नाक मुरडू नकोस, ये.

आता थट्टा बाजूला ठेवून लिहिते. मला एकटीला करमत नाही. कान गेल्यापासून घरात माझाच काय तो आवाज, आणि तोही मला ऐकू येत नाही. तू आलीस की दुसरं माणूस दिसेल तरी. निघताना तिथल्या मुलांना दोष देऊन येऊ नकोस. ती तुझी आहेत, आणि चांगली आहेत. याहून जास्त लिहीत नाही.

वाट पाहायला लावू नकोस.

तुझी,
गिरिजावन्सं


अल ऐन, १२ एप्रिल २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हरले. येते.

तन्मयला कसं सांगायचं याची मी आठवडाभर मनाशी तयारी करत होते. तुमचं काही चुकलं नाही, इथे काही कमी नाही, असं सगळं घोकून ठेवलं होतं. तो लगेच बरं म्हणाला. तिथल्या तिथे मोबाइल काढून तिकीट केलं. आभाने दुसऱ्या दिवशी चाकांची नवी बॅग आणून दिली आणि गोळ्याही भरून ठेवल्या. सृष्टी ओके आजी म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. घोकलेलं सगळं तसंच राहिलं.

कालपासून झाडावर एक फूल आहे. केशरी, नाजूक. मुदत टळून गेल्यावर आलं. कुणाला दाखवलं नाही. उन्हाने दुपारीच मलूल झालं होतं.

मला यायचंच होतं, वन्सं. कुणी अडवलं असतं तरी मी आलेच असते. पण एकदा, नुसतं तोंडदेखलं का होईना, कुणी नका जाऊ म्हणेल असं वाटलं होतं. अजूनही स्वयंपाकघरात कुणी आलं की मी हातातलं काम थांबवते. पाणी पिऊन जातात.

तुम्ही मात्र दारात उभ्या राहा.

तुमची,
शोभना