न सांगितलेला रस्ता

प्रिय मामा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. तुमच्याच खुर्चीत बसते, तुमचंच जमिनीच्या सल्ल्याचं काम करते, त्यामुळे तुम्ही इथंच आहात असं धरून चालले होते. पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. पण आज दुपारी अमडापूरहून खामगावला परतले आणि ऑफिसचं कुलूप उघडून थेट कागद घेऊन बसले. जे झालं ते तुम्हाला सोडून कोणाला सांगू? ते आहेच तुमच्याबद्दल.

अमडापूरचे देविदासभाऊ आठवतात ना? नऊ वर्षांपूर्वी तुम्ही त्यांची आणि शालिग्रामभाऊंची जमीन अदलाबदल करून दिली होती. देविदासभाऊंचं गावाजवळचं दोन एकर खडकाळ रान शालिग्रामभाऊंना गोठ्यासाठी हवं होतं. शालिग्रामभाऊंचं काळं वावर, विहिरीसकट, देविदासभाऊंच्या शेताला लागून होतं. दोघंही खूश. मी तेव्हा नुकतीच तुमच्याकडे कामाला लागले होते. "बघ वैशू, व्यवहार असा जुळवायचा की दोघांनाही वाटलं पाहिजे, आपलंच भलं झालं," असं म्हणाला होतात तुम्ही. ते मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं आहे.

आता त्या खडकाळ रानाला लागूनच गावाबाहेरचा नवा रस्ता गेला. जिथं कोणी बकरी बांधत नव्हतं तिथं लोक गाड्या थांबवून भाव विचारतात.

तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी देविदासभाऊ ऑफिसात आले. आत येताना त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. मी एकटीच होते. ते ओरडले असते तर परवडलं असतं, मामा. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, मले एकच सांगा. रस्ता येनार हाय हे तुमच्या मामाले तवा माईत व्हतं का नव्हतं?"

"मला नाही माहीत, भाऊ."

"मंग पाहून सांगा. मी येतो पुन्हा."

आणि ते येत राहिले. दारात मोटरसायकल थांबली की मी हातातलं काम सोडून दाराकडे बघायचे. मग एक दिवस शालिग्रामभाऊंचा फोन आला. देविदासभाऊंनी पहार घेऊन त्या जागेतले मोजणीचे दगड उपटून फेकले होते. "त्याले समजावा, ताई. मी बी मानूसच हाव. एखांद्या दिवशी माहाही हात उठन."

मारामारीची भीती होतीच. पण खरं सांगू? त्या प्रश्नाची जास्त वाटत होती. तुम्हाला माहीत होतं का?

शेवटी मामीला विचारलं. ती मेथी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "होतं माहीत," म्हणाली. "चिखलीला कोणीतरी बोललं होतं त्यांच्याजवळ. मी म्हटलं, दोघांनाही सांगून टाका. तर म्हणे, असे रस्ते कागदावर किती निघतात. आता सांगितलं तर जुळलेला व्यवहार मोडेल."

"आणि तू एवढी वर्षं गप्प राहिलीस?"

"कोणाला सांगायचं होतं? तूही नको सांगू आता. गेलेल्या माणसाचं नाव तेवढं मागे राहतं, वैशू."

काऊन केलं असं, मामा? तुम्हाला कोणाला फसवायचं नव्हतं, एवढं मला कळतं. पण एका वाक्याचं तर काम होतं. ते तुम्ही गिळलंत, आणि नऊ वर्षांनी ते माझ्या वाट्याला आलं.

आज सकाळी मी बसनं अमडापूरला गेले. शालिग्रामभाऊंच्या गोठ्यात दोघांनाही बोलावलं होतं. देविदासभाऊ पहार घेऊनच आले. ती त्यांनी गुडघ्यावर आडवी ठेवली. मी सरळ सांगून टाकलं, "मामांनी रस्त्याबद्दल ऐकलं होतं. सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

देविदासभाऊ उठले. पहार त्यांच्या हातात होती. मी मागे सरकले ते थेट गव्हाणीला टेकले. मला वाटलं, आता संपलं.

त्यांनी शालिग्रामभाऊंकडे पाहिलं. "तुले सांगतलं व्हतं?"

"लेकराची शपथ, मले नाही सांगतलं."

देविदासभाऊ मग खाली बसले. पहार बाजूला टाकली. "सारं गाव मले म्हने, रस्ता पाहून तुह्या पोटात दुखून राह्यलं. मलेही वाटे, मीच येडा झालो," एवढंच म्हणाले, आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

मग मी कामाचं बोलले. शालिग्रामभाऊंच्या जागेत दोन बोअर कोरडे गेले आहेत. माझ्याकडे आलेल्या नांदुऱ्याच्या एका माणसाला तिथं धाबा टाकायचा आहे, पण पाण्याशिवाय तो येणार नाही. देविदासभाऊंच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. मी म्हटलं, जागा विकू नका, भाड्यानं द्या. जागा शालिग्रामभाऊंची, पाणी देविदासभाऊंचं, येईल त्या भाड्यात दोघांचा वाटा.

"जागा माही. मी काऊन वाटा देऊ?" शालिग्रामभाऊ उसळले.

"पाणी कुठून आणाल?"

पुढचा तासभर दोघं वाट्यावरून भांडले, आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला, कारण ते आता एकमेकांशी बोलत होते. शेवटी देविदासभाऊंना भाड्याचा तिसरा हिस्सा, यावर आले. सोमवारी वकिलाकडे लेखी करायचं ठरलं. दगड आपणच परत लावून देतो म्हणाले देविदासभाऊ.

निघताना ते स्टँडपर्यंत आले. "मामाले मी माफ नाही केलं," म्हणाले. "पन तुम्ही सोता येऊन सांगतलं, हे ध्यानात ठेवतो."

इथं पत्र संपलं असतं. पण बसमध्ये बसले आणि नांदुऱ्याच्या त्या माणसाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, करार पंधरा वर्षांचा करून घ्या, भाडं आजचंच. आतली बातमी आहे, तिथून पुढे मोठ्या रस्त्याचा फाटा निघतोय, भाव चढतील. त्यांना मात्र बोलू नका."

आणि मामा, माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? सांगितलं तर जुळलेला व्यवहार मोडेल. अगदी तुमचेच शब्द. या तीन आठवड्यांत, त्या पहारीसमोरसुद्धा, मी एवढी घाबरले नव्हते. तुम्ही वाईट नव्हता. तुम्हालाही हे असंच, बसमध्ये नाहीतर चहा पिताना, सहज वाटून गेलं असणार.

त्याला मी फक्त "बघते" म्हणाले. ते चुकलंच. मघापासून फोन समोर ठेवून बसले आहे. हे पत्र संपलं की त्याला सांगणार आहे की फाट्याचं दोघांनाही कळेल, पटत नसेल तर त्यानं दुसरी जागा बघावी. सोमवारी वकिलाकडे कागद उघडण्याआधी मी देविदासभाऊंना आणि शालिग्रामभाऊंना सगळं सांगेन, बातमी खरी असो की खोटी. व्यवहार मोडला तर मोडला. एवढा शब्द देते तुम्हाला.

तुमचीच,
वैशू