ओलं फडकं

सोमवार

आज आले. चित्रदालनाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आता माझ्या. खिडकी मोठी, उजेड भरपूर, नळाला गरम पाणी येतं. एवढं सुख बघून आधी हसू आलं आणि मग रडू. ह्यांची उभी हयात या इमारतीत गेली, आणि मी राहायला आले ती ते गेल्यावर.

मंडळाच्या अध्यक्षांनी मुद्दाम बोलावून घेतलं. रविवारी ह्यांच्या कामाचं प्रदर्शन उघडायचं आहे. पहिल्या दालनात कारकून असतानाचे हे, कोठारातल्या चित्रांची धूळ झटकणारे. दुसऱ्यात सही नसलेल्या चित्रांवरचा ग्रंथ, ज्याने ह्यांचं नाव झालं. तिसऱ्यात संचालक झाल्यानंतरचे फोटो. आणि शेवटी, चौथ्यात, ह्यांचं एकच तैलचित्र, मित्राने काढलेलं. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, फोटोंखालच्या ओळी तुम्हीच लिहा, आमच्या विद्वानांचं लिहिलेलं त्यांच्या घरचेसुद्धा वाचत नाहीत. माझी शाळा अर्ध्यात सुटलेली. ह्यांच्या ग्रंथाची तपासायला आलेली मुद्रितं वाचून दाखवता दाखवता वाचनाची गोडी लागली, ती आजवर सुटली नाही. म्हटलं, लिहीन.

ह्यांची एक रीत होती. चित्र आलं की आधी त्याचं तोंड भिंतीकडे करायचे आणि पाठ बघायचे. खिळे, शिक्के, कापडाची वीण. म्हणायचे, समोरून चित्र आपल्याला हवं तेच दाखवतं. माझ्या नणंदबाई चिडवायच्या, दादा मुलगी बघायला गेला तेव्हाही आधी मागच्या दारानेच गेला असणार.

मंगळवार

तैलचित्र लागलं. हुबेहूब. उजव्या भुवईतला तो हट्टी पांढरा केससुद्धा. मी कितीतरी वेळ समोर बसून राहिले. अलीकडे डोळे मिटले की आजारातलाच चेहरा येतो. हा खरा चेहरा जपायचा, एवढ्यासाठीच मी इथे आले आहे.

गालावर जराशी धूळ होती. फडकं कोमट पाण्यात पिळून पुसली. हात आपसूक सवयीने फिरला. कपाळ, डोळ्यांच्या कडा, मग हनुवटी. आजारपणात मी रोज सकाळी असंच ह्यांचं तोंड पुसायचे. शेवटी शेवटी तोंड भिंतीकडे फिरवायचे हे, पुरे म्हणायचे. मला वाटायचं, पाणी गार झालं असेल. मी परत गरम करून आणायचे.

गुरुवार

काल पुसलं, आजही. भुवई फिकी दिसते. तो पांढरा केस सापडत नाही.

इथे चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी मला फडक्यासकट पकडलं आणि चांगलं झापलं, की तो माणूस आहे का, रोज आंघोळ घालायला. मग भिंगातून फडकं पाहिलं. रंगाचा कणही नाही. चित्राचा रंगही कुठे सुटलेला नाही. मी विचारलं, मग भुवई गेली कुठे? त्या चित्रापुढे दोरी बांधून गेल्या.

कबूल केलं, हात लावणार नाही.

शुक्रवार

हात लावला नाही. तरी सकाळी उशाशी भांडं, भांड्यात कोमट पाणी. फडकं पिळून कडेवर टाकलेलं, शेवटी एक झटका देऊन, मी टाकते तसंच. माझ्या बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. उठल्याचं काही आठवत नाही.

खाली गेले. नाक नाही. ओठ नाहीत. गालांच्या जागी नुसता गोरा धुरळा.

फडकं कचऱ्यात टाकलं. भांडं डॉक्टरीणबाईंच्या हवाली केलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ते कपाटात ठेवलं.

शनिवार

फोटोसुद्धा. एका जुन्या उद्घाटनाच्या फोटोखाली मीच लिहिलं होतं, फीत कापताना हसणारे संचालक. ओळ तशीच आहे. फोटोत फक्त डोक्याचा मागचा भाग. कारकुनीच्या फोटोतही तेच. भोवतीची सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, हे एकटे पाठमोरे.

नणंदेला फोन केला. म्हटलं, आपल्या अल्बममध्ये बघा. पानं उलटल्याचा आवाज आला. मग रडत म्हणाल्या, वहिनी, दादा असा का उभा आहे गं, आपण काय केलं त्याचं?

डोळ्यांचा रंग कोणता होता? संसार केला मी त्यांच्याशी. रंग कोणता होता?

मनगट ओढणीने खाटेला बांधून घेते.

रविवार, सकाळ

गाठ सुटलेली. ओढणी ओली, पिळलेली.

चौथ्या दालनात आहे. ऊन आलंय. कोट आहे, कॉलर आहे, वर कोरं कापड. बाहेर लोक येऊ लागलेत, अध्यक्षांचा आवाज येतोय. काय दाखवू त्यांना —

पाठ. त्यांची रीत. आधी पाठ बघायची. मी या चित्राची पाठ बघितलीच नाही.

उतरवलं. जड आहे. फिरवून भिंतीला टेकवलं —

इथे आहेत. मागच्या कापडावर. भुवई, तो केस, सगळं. तपकिरी. डोळे तपकिरी होते. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून —

माझ्यापासून —

ओठ हलतात. आवाज नाही, पण ओळखते मी तो शब्द. पाणी गार नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

हो. पुरे. ऐकलं मी. आता नाही पुसणार, नुसतं बघते, एवढा चेहरा मला —

डाव्या हातात ओढणी. कधी घेतली मी —

कपाळ ओलं झालं. डोळे मिटले त्यांनी. हात थांबत नाही, अहो, हात थां