आई 'अहो' म्हणाली!

प्रिय ताई,

आधी हातातलं काम बाजूला ठेव आणि बसून वाच. मला स्वतःलाच अजून एका जागी बसवत नाहीये. आई बाबांशी बोलली! माझ्यामार्फत नाही, भिंतीकडे बघून नाही, थेट बाबांशी. तू तुझ्या मनाने लग्न केलंस आणि बाबांनी 'तिचं नाव या घरात नको' म्हणून टाकलं, त्या दिवशी आईने धरलेला अबोला काल दुपारी एका परक्या गावातल्या डोंगरावर सुटला. दोन वर्षं मी या दोघांचं टपालखातं होते. 'त्यांना सांग, ताट वाढलंय.' 'तिला सांग, भूक नाही.' आणि हे समोरासमोर बसून! आता माझी ती नोकरी गेली, आणि नोकरी गेल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

बाबा निवृत्त झाले म्हणून मी ही समुद्रसफर ठरवली, ते तुला मावशीकडून कळलंच असेल. माझा हिशोब साधा होता, जहाजावर एकमेकांना टाळून टाळणार किती? पण आपले आई-बाबा ते. एका केबिनमध्ये राहून त्यांनी असा कडकडीत अबोला पाळला, की शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, वडिलांना बोलता येत नाही का?

काल सकाळी जहाज डोंगरांच्या मधून आत शिरलं. पाणी इतकं अरुंद, की दोन्ही काठांवरच्या घरांतले वाळत घातलेले कपडे दिसत होते. बंदर खाली, आणि जुनं गाव सरळ डोंगरावर चढलेलं. रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या, एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याचं छप्पर. धक्क्याशी दगडी जकातघर आणि पार माथ्यावर बुरूज, जिथून पूर्वी येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायचे. मी हरखून अशी उड्या मारत चढायला लागले, की पहिल्याच वळणावर माझ्या चपलेने जीव सोडला. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्याचं दुकान होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि दोघांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. बाबा पुढे निघाले, आई चांगलं अंतर राखून मागे. निरोप द्यायला मध्ये कुणी नाही!

आता गंमत ऐक. आदल्या रात्री जहाजावरची घड्याळं एक तास पुढे केली होती. मी हे आईला सांगितलं आणि बाबांना सांगायचं साफ विसरले. दोन वर्षांत एक निरोप गहाळ होऊ दिला नव्हता, झाला तो नेमका हा. आईने वर पोचल्यावर बाबांच्या मनगटाकडे पाहिलं होतं, तिच्या लक्षातही आलं होतं. पण सांगणार कसं? आणि ज्या माणसाने जन्मभर बस डेपोत बसून एक गाडी उशिरा सोडली नाही, त्याला आपलं घड्याळ चुकेल अशी शंका कुठून येणार!

पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय आणि ते काही जुळत नाही, तेव्हा मला पटलं तेवढं लिहिते. बाबा बुरुजाच्या सावलीत ऐसपैस बसले. खाली धक्क्यावर आपलं जहाज, साबणाच्या वडीएवढं. आईने घसा खाकरला. बाबा ढिम्म. तिने पर्स आपटली. मग बाकाकडे बघून मोठ्याने म्हणाली, 'काही लोकांना वेळेचं भानच नसतं.' बाबांना वाटलं टोमणा मारतेय, ते आणखी रेलून बसले. आई तरातरा खाली निघाली, वळणापर्यंत गेली आणि तिथून परत आली. 'अहो!' बाबा म्हणतात, त्यांना वाटलं कुणाची तरी बायको नवऱ्याला हाक मारतेय, म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. 'अहो, तुम्हालाच म्हणतेय! तासभर मागे आहे ते घड्याळ. जहाज निघालं आपलं!'

मग काय विचारतेस! बाबांचा गुडघा धड नाही, म्हणून आईने त्यांचा दंड धरला, आणि पायऱ्यांबरोबर तिच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. ओला टॉवेल, न घेतलेली औषधं, सगळं साठलेलं बाहेर. इकडे मी चप्पल शिवून खाली परतलेय आणि जहाजाच्या शिडीपाशी अधिकाऱ्याच्या हातापाया पडतेय. तेवढ्यात भोंगा झाला. आणि तो ऐकून आईने काय करावं? अर्ध्या वाटेत पायरीवर बसली, मांडी घालून! म्हणाली, 'थोरलीला भेटायला येतो म्हणा, तर उठते. नाहीतर जाऊ दे जहाज.' बाबा म्हणाले, अगं, आधी खाली तर चल. ती हलेना. बाबांनी जहाजाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी तिच्या शेजारी बसले. मला धक्क्यावर आधी आईचा आवाज ऐकू आला, मग ती दोघं दिसली. हात हातात, बाबांचे डोळे लाल, आणि आई धापा टाकत अजून बोलतच होती. आम्ही वर पाऊल ठेवलं आणि लगेच शिडी उचलली. माझा जीव भांड्यात पडला.

त्या पायरीवर बाबा काय बोलले ते आई कालपासून सांगेना. आज सकाळी बाबांनीच सांगितलं, म्हणून हे पत्र. मी हीच सफर का निवडली ते तू ओळखलं असशील. येत्या वीस तारखेला जहाज दिवसभर तुझ्या शहराच्या बंदरात थांबतं. फोन केला असता, पण बाबांचा विषय निघाला की तू फोन ठेवतेस. बाबा आईला म्हणाले होते, 'मी येईन गं. पण ती दार उघडेल का?' भांड, हवं तेवढं बोल, जावईबापूंच्या समोर बोल. बाबा मान खाली घालून ऐकणार आहेत, तसं त्यांनी मला कबूल केलंय. पण ताई, दार उघड.

तुझीच,
शेंडेफळ