सासऱ्यांची मिशाळ मंडळी

४ जून
सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर काही आठवडे ते मेव्हण्याकडे राहणार. त्यांची माशांची टाकी मात्र आमच्याकडे आली. जेवताना मीच म्हणालो होतो, त्यात काय एवढं? टाकीत भरपूर झाडं, तळाशी सहा कॅटफिश. बोटाएवढे, मिशाळ. सासरे त्यांना 'मंडळी' म्हणतात. निघताना म्हणाले, जावईबापू, तळाला मऊ वाळूच असू द्या, मंडळी तीत तोंड खुपसून खातात. रोज खाण्याची बुडणारी गोळी टाका. मीठ चुकूनही नको. बायको म्हणाली, लिहून घ्या. म्हटलं, सगळं डोक्यात आहे.

७ जून
संकल्प: टाकी अशी परत करायची की सासरे बघतच राहिले पाहिजेत. दीड व्हिडिओ पाहिला. वाळू फारच मळकट दिसते. दुकानातून काळे चकचकीत खडे आणले. वाळू काढून मागच्या अंगणात फेकली, खडे पसरले. बोट कापलं. किरकोळ.

१० जून
पाणी गढूळ. निसर्गाला वेळ द्यावा लागतो.
गोळ्या बंद केल्या. कॅटफिश हे तळाचे सफाई कामगार, उरलंसुरलं खाऊन जगतात. ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं. घरी बायकोला सांगितलं तर म्हणाली, उरलंसुरलं कोणाचं? टाकीत दुसरं आहे कोण?
प्रश्न तांत्रिक आहे. गोळ्या परत सुरू.

१५ जून
मंडळी सारखी वर येतात, एक घोट हवा घेतात आणि सुळकन खाली. मला ओळखायला लागली बहुतेक. सासऱ्यांचा फोन. वर येतात का, म्हणाले. मधूनमधून आली तर ठीक, सारखी यायला लागली तर पाणी बिघडलं समजा. मी म्हटलं, मधूनमधून. बोलणं संपेपर्यंत सगळी एकेकदा येऊन गेली.

१९ जून
मिशा आखूड दिसतात. मला त्यात तरतरी वाटली. बायको काचेला नाक लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, अहो, झिजल्यात. खड्यांना घासून घासून. एकाच्या ओठाला पांढरा डाग.
खडे काढायचे म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल. दुसरा उपाय सुचला. माझा घसा धरतो तेव्हा मिठाच्या गुळण्यांनी सुटतो. दोन मुठी टाकलं. सासरे नको म्हणाले होते, पण ते जुन्या पिढीचे.

२० जून
दोन गेले. झाडामागे उलटे पडले होते. बायकोने चहाच्या गाळणीने काढले आणि काही न बोलता कुंडीत पुरले. ओरडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर बादल्या भरभरून पाणी बदललं. खडे तसेच.
संध्याकाळी सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल. मंडळी दाखवा. मी फोन झाडांवर धरला. चारच दिसतात, म्हणाले. म्हटलं, दोन लपलेत.

२२ जून
हुबेहूब तसेच दोन आणले. ठिपके जरा मोठे आहेत. सासऱ्यांच्या डोळ्यांना कुठे दिसतंय?

६ जुलै
दिसतं.
सासरे वॉकर घेऊन आले, टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, ही दोन पाहुणी कुठली? माझ्या तोंडून गेलं, पिल्लं झाली. एवढी मोठी? म्हटलं, खातंपितं घर आहे. बायको उठून आत गेली.
ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, तुमच्या सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा ही टाकी पलंगाशी ठेवली होती. मंडळी वाळू फुंकायची, त्या बघत पडून असायच्या. मग म्हणाले, दोन गेलेत ना? म्हातारे झाले होते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.
इथे गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. पण त्यांनीच मला धीर दिला, तो काही गिळवेना. खडे, मीठ, सगळं सांगितलं. लपलेत म्हणालो होतो तेही. बोलताना त्यांच्या गुडघ्याच्या पट्टीकडे बघत होतो.
 ते शर्टाची बाही दुमडत म्हणाले, बादली आणा. पाय ताणून, वाकून, एकेक खडा वेचायला लागले. मी म्हटलं, मी करतो. म्हणाले, नको, तुम्ही बादली धरा.
मी बादली धरली.

१३ जुलै
नवी मऊ वाळू आली. चार जुने, दोन पाहुणे, सगळे तोंड खुपसून बसलेत. सासऱ्यांना पूर्ण बरं वाटेपर्यंत टाकी इथेच. कामं वाटली: खाणं बायकोकडे, पाणी बदलायचं मेव्हण्याकडे. मी विचारलं, आणि मी? सासरे विचार करून म्हणाले, सकाळी टाकीचा दिवा लावा, संध्याकाळी बंद करा.
संकल्प: एक दिवसही चुकायचं नाही.

१७ जुलै
काल विसरलो. दिवा रात्रभर चालू. सकाळी मंडळी पानांखाली दडून बसलेली.
आज मेव्हणा येऊन टायमर लावून गेला. दिवा आता आपोआप लागतो, आपोआप बंद होतो. सासऱ्यांनीच पाठवलाय, म्हणाला. त्यांचा निरोपही होता: जावईबापूंना म्हणावं, बघायला मात्र रोज बसा.
बसलोय. दोन्ही हात मांडीखाली घेऊन.