फ्री साईज

१२ ऑगस्ट

दिवसभर राजवाडा चौकातल्या आमच्या दुकानात उभी होते. पाय गेले! मुलं येतात, ट्रायल रूममध्ये घुसतात, आरशात फोटो काढतात, कपडे तिथेच टाकून चालू पडतात. एका मुलीला विचारलंच — पसंद नाही आला? ‘‘आला ना दीदी, पण ॲपवर सस्ता आहे.’’ तोंडावर!

ऋषभजी गल्ल्यावरून सगळं बघत होते. शेठ आहेत, पण आज चेहरा उतरलेला. म्हणाले, पिताजींच्या वेळी दिवाळीला पूर्ण खानदान यायचं. बाप कपडा चोळून बघायचा, आई भाव करायची. आता आईबाप येतच नाहीत, पोरं मोबाइलमध्ये ठरवून येतात. ‘‘नंदिनीजी, ग्राहक दुकान में नहीं है, रील में है. वहाँ से लाओ.’’

ऋषभजींच्या या ‘टीनगली’ दुकानांची मार्केटिंग मॅनेजर मी. म्हणजे आणायचं मलाच.

२५ ऑगस्ट

सापडली! क्षितिजा. अकरावीत आहे. आठवडाभर शाळा-कॉलेजची पोरं बघत होते, आमचे कपडे घालून रील करायला. बदल्यात कपडे फुकट. मॉडेल नको, शेजारची मुलगी वाटली पाहिजे. बाकीची सगळी कॅमेऱ्यासमोर लाकूड होतात. ही कॅमेरा विसरूनच जाते. हसली की नाक चुरगळतं. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते, परत येते. माझ्यासारखीच.

आई बरोबर होती — वसुंधराताई. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, कॉलेजात शिकवतात. ‘‘अभ्यास सांभाळून हं. आणि कपडे मी बघितल्याशिवाय काही नाही.’’ मला आवडल्या. अशी आई असली की आपणही निर्धास्त.

९ सप्टेंबर

क्षितिजाची जलेबीची रील चालली. चालली म्हणजे धावली! आमचं डेनिम जॅकेट, बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत पाक ओघळतोय, आणि ही हसतेय. विजयनगरच्या दुकानात पोरी मोबाइल दाखवून ‘‘जलेबीवालं जॅकेट’’ मागतायत. माल संपला. ऋषभजींनी स्टाफला कचोऱ्या खिलवल्या.

घरी महूला बाबांना रील दाखवली. बाबा दोनदा बघून म्हणाले, ‘‘पोरगी जलेबी विकते की जॅकेट?’’

४ ऑक्टोबर

दिवाळीचा माल आला. सगळा ‘फ्री साईज’. छोटे-छोटे टॉप, एकच माप. मी म्हटलं, हे फ्री कसं? बारीक पोरींनाच बसेल.

ऋषभजींनी हिशेब मांडला. पाच साईज ठेवल्या की तीन पडून राहतात, सीझन गेला की रद्दी. एकच साईज, तर माल कमी, नुकसान कमी. ‘‘और जिसको नहीं बैठेगा, वो बैठाने की कोशिश करेगी. नहीं बैठा तो भी फोटो डालेगी. बाहर सब यही चल रहा है.’’

दिसतंच आहे. बाकीच्या दुकानांच्या पेजवर हेच टॉप, हेच माप. मी शूटची तारीख लावली.

१० ऑक्टोबर

शूट. क्षितिजाला टॉप बसला नाही. मागून पिना लावल्या, चालवून घेतलं. तरी पोटावर ताणलेलं दिसलं. खाली कमेंट — ‘जलेबी दिख रही है’. वर शेकडो लाइक. काढून टाकल्या तरी नव्या येतात. तिने सगळ्या वाचल्या. मला म्हणाली, ‘‘दीदी, चलता है.’’ नाक नाही चुरगळलं.

१३ ऑक्टोबर

ऋषभजींनी केबिनमध्ये बोलावलं. मुलगी बदलू नका, चेहरा चालतोय. ‘‘बस उसको बोलो, थोड़ा कम करे. लेडीज हो, आप प्यार से बोलोगे.’’

प्यार से बोलले. पार्किंगमध्ये, स्कूटीजवळ. ‘‘दिवाळीपर्यंत थोडं सांभाळशील का ग? म्हणजे, खाण्याचं.’’ ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच की मला बरं वाटलं नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी. फ्री साईज तुफान. आमच्या मॉलमधल्या दुकानात ट्रायल रूमला लाइन. बसतोय त्या पोरी फोटो काढतात. बसत नाही त्या पडद्यामागून बाहेरच येत नाहीत, मैत्रिणी बाहेर हसत उभ्या. एक जाड मुलगी तोच टॉप घेऊन गेली. म्हटलं, बेटा, बदलून दुसरं काही घे. म्हणाली, ‘‘नाही, मी याच्यात येईन.’’

ऋषभजी खूश. उज्जैनला नवीन दुकान काढायचं म्हणतायत.

१७ नोव्हेंबर

क्षितिजाला टॉप बसला. पिना नाही, काही नाही.

तिचे हात बर्फासारखे. कंगव्यात केसांचा गुंता, मेकअपवाली माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, जेवतेस ना? ‘‘हो ना दीदी, घरी आई आहे.’’ मला तेवढंच ऐकायचं होतं बहुतेक.

कमेंटमध्ये सगळे — ‘क्या ग्लो-अप’. लाल बदाम.

२८ नोव्हेंबर

ऋषभजींना म्हटलं, क्षितिजाला महिनाभर सुट्टी द्या. आणि दोन साईज तरी आणा. ते मोबाइलवरची विक्री दाखवत राहिले. ‘‘अभी? नंदिनीजी, अभी तो उठा है.’’

५ डिसेंबर

कोसळली. मॉलमध्ये, विंटर लाँचच्या वेळी, लोकांसमोर. आधी सगळ्यांना वाटलं रीलसाठीच करतेय. पोरं मोबाइल धरून उभी! मी डोकं मांडीवर घेतलं. काही वजनच नव्हतं. ओरडत होते, कॅमेरे बंद करा, बंद करा — कोणी केले नाहीत.

हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके गडबडलेत, आयसीयू. वसुंधराताई धावत आल्या, कॉलेजची पर्स तशीच खांद्याला. मला बघितलं आणि तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर — ‘‘माझ्या मुलीला खाल्लंत तुम्ही!’’

बरोबरच आहे.

८ डिसेंबर

वसुंधराताईंनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. दुकानावर, ऋषभजींवर. पेपरात आलं. आमच्या पेजवर रोज शिव्या. गंमत म्हणजे विक्री उतरली नाही!

ऋषभजी वकिलाला घेऊन बसले होते. आवाज एकदम मऊ. ‘‘हमने तो किसी को कुछ बोला नहीं. आपने बोला क्या?’’ मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत म्हणून बोलले. वकील म्हणाला, सांगितल्याचा पुरावा? मग ऋषभजी — ‘‘आप भी मत बोलो कि बोला. बात खत्म. उज्जैन आप ही सँभालोगी.’’

१० डिसेंबर

बाबांना सगळं सांगितलं. फौजेतला माणूस, ताठ बसून ऐकलं. शेवटी एवढंच — ‘‘तू बोललीस की नाही बोललीस?’’

‘‘बोलले.’’

‘‘मग तेच सांग. दुसरं काय सांगणार?’’

म्हटलं, बाबा, माझ्यावरही केस होईल. नोकरी तर गेलीच. ते उठून पाणी घेऊन आले. माझ्यासाठी.

१२ डिसेंबर

राजीनामा दिला. ठाण्यात जाऊन जबाब दिला — ऋषभजींनी काय सांगितलं, मी पार्किंगमध्ये काय बोलले, ती काय म्हणाली. लिहून घेणारी मॅडम मध्येच थांबली. ‘‘आप खुद को भी फँसा रही हैं.’’ म्हटलं, हो.

बाहेर आले, सरळ घरी गेले. कितीतरी दिवसांनी नीट जेवले.

१५ डिसेंबर

हॉस्पिटलमध्ये गेले. काचेतून बघितलं. नाकात नळी, डोळे मिटलेले. सोळा वर्षांची वाटत नाही, दहाची वाटते. वसुंधराताईंना जबाबाचं कळलं होतं. या वेळी हाकललं नाही.

२१ डिसेंबर

तक्रार मागे घेतली! वसुंधराताईंनी. जुन्या स्टाफमधल्या अंकुरचा फोन — ‘‘दीदी, शेठ ने मिठाई बाँटी.’’

त्यांना विकत घेतलं असणार ऋषभजींनी. किती दिले असतील? आणि मी मूर्ख, स्वतःहून जबाब देऊन अडकून बसले. त्या दिवशी वॉर्डात माझ्यावर ओरडणारी बाई — तीसुद्धा? उद्या तोंडावर विचारणार. मुलीच्या जिवाचा भाव काय लागला, असंच विचारणार.

२२ डिसेंबर

विचारलं. तसंच.

वसुंधराताईंनी मला हॉस्पिटलच्या जिन्यात नेलं. पैसे घेतले नाहीत म्हणाल्या. ‘‘ऋषभजींचा फोन आधी मला आला होता. तुम्ही तिच्याशी बोललात त्याच्या आठ-दहा दिवस आधी. मुलगी टीव्हीपर्यंत जाईल, फक्त थोडी बारीक करा म्हणाले. मी तिची पोळी बंद केली. भूक लागली म्हणून रडायची, तर मी स्वयंपाकघराला कुलूप लावायची, नंदिनी. केस चालली तर तिला विचारतील. ती खोटं बोलत नाही.’’

खाली येऊन रिक्षात बसले. एकदम हलकं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. ती वर नळीला लावलेली — आणि मला हलकं वाटलं!

रिक्षावाला विचारत राहिला, ‘‘कहाँ जाना है, दीदी?’’ सांगताच येईना.